डावा हात

आमची मावशी सरकारी शाळेत शिक्षिका होती, आणि वाईट शिक्षिका नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सुरुवातीला ती जीव तोडून शिकवायची. मग नव्या शिक्षकांची भरती थांबली, एकाच खोलीत तीन इयत्ता बसू लागल्या आणि कुणालाही नापास करायचं नाही असा हुकूम आला. चौथीतली मुलं वाचताना अडखळत नसत, कारण वाचतच नसत.

तपासणीला साहेब यायचे. त्यांनी प्रश्न विचारला की सगळा वर्ग हात वर करतोय, एवढं दिसलं की त्यांचं समाधान. मावशीने युक्ती काढली. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. ती उजव्या हातालाच उठवायची. पोरांची फजिती टळली, शाळेची वाहवा झाली. घरी हे सांगताना ती हसून हसून बेजार व्हायची. पुढे उजवे हात कमी होत गेले, पण तिचं काम भागत होतं. मला आज त्या हसण्याची चीड येते.

ती निवृत्त झाल्यावर तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, आजारी पडले. सरकारी दवाखान्यात आम्ही दोघी त्यांच्या उशाशी बसलो होतो. डॉक्टर शिकाऊ नर्सना समजावत होते, "हे औषध थेट शिरेत द्यायचं नाही. सलाईनमध्ये मिसळून, हळूहळू. एकदम दिलंत तर हृदय बंद पडेल. कळलं त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. त्यात एक डावा होता.

मावशीचा चेहरा उतरला. डॉक्टर पलीकडच्या खाटेकडे वळले. डावा हात वर केलेली ती पोरगी सिरिंज भरून काकांच्या हाताशी आली, तशी मावशीने तिचं मनगट धरलं.

"कळलं का गं तुला?"

पोरीने निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "अय्या, बाई! तुम्ही?" मग हळूच म्हणाली, "नाही कळलं. पण हात खाली ठेवायचा नाही, असं तुम्हीच सांगायचात ना?"

मावशीने मनगट सोडलं नाही. तिने डॉक्टरांना हाक मारली. दुसऱ्यांदा मारली, तेव्हा सगळा वॉर्ड वळून बघू लागला.

"डॉक्टर, परत समजावून सांगा. हिला कळलेलं नाही." आणि मान खाली घालून म्हणाली, "माझ्या हाताखाली शिकलीय ही."