एका चरातल्या दोन केबली
नुकत्याच खोदलेल्या मातीचा वास आला की मला संगमनेरच्या कॉलेजातली ती ऑनलाइन परीक्षा आठवते. तिथलं नेटवर्क मी सांभाळायचो; एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घेतलेल्या होत्या. पेपरच्या तोंडावर दोन्ही कंपन्यांच्या लाइन एकदम गेल्या. पोरं पडद्यांसमोर ताटकळलेली, आणि हेल्पलाइनवर दोन्हीकडून एकच उत्तर, "आमच्याकडून ठीक आहे, तुमचं मशिन तपासा." शेवटी मी गाडी काढली आणि केबलच्या वाटेने बघत निघालो. नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर जेसीबीने चर खणताना दोन्ही केबली तोडल्या होत्या. मी दोन्ही कंपन्यांना फोटो पाठवल्यावर त्यांचा एकेक लाइनमन धावत आला, पण एकाचं केबल जोडायचं मशिन बंद पडलं. दुसरा म्हणाला, "आन हिकडं तुजी वायर. आदी पोरांचं चालू करू, कंपन्यांचं मागनं बघू." त्याने दोन्ही केबली जोडल्या. कॉलेजातून फोन आला, "सर, नेट आलं! पेपर सुरू झाला." हल्ली लाइन गेली की हेल्पलाइनआधी मी त्या दोघांना फोन लावतो, आणि दोघंही येतात.