विद्यापीठाला आहेर

नगर जिल्ह्यात ज्या लग्नाला आमच्या मावशीचे यजमान हजर नव्हते, ते लग्न नीट लागलंच नाही असं खुशाल समजावं. काका नोकरीने लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर, पण त्यांचा खरा हुद्दा आहेर पुकारण्याचा. मांडवात पाट मांडला की ते छाती भरून उभे राहत आणि कुणी काय आहेर केला ते अशा आवाजात सांगत, की वेशीबाहेर बैल सोडणाऱ्यालाही आपण कमी आणल्याची लाज वाटावी. वर पदरची भर असायचीच. "पुणतांब्याचे मामा, एक तांब्या. तांब्याला पोचा आहे, मामांच्या मनाला नाही." मांडव हसायचा, मामाही हसायचे आणि पुढच्या लग्नाला नवाकोरा तांब्या आणायचे.

दुसरं वेड विहिरींचं. विहीर दिसली की काका वाकून खडा टाकत, कान देत आणि तोंड वाकडं करत. खर्ड्याला एकदा मंगलाष्टकं संपत आली तरी यांचा पत्ता नाही. आता आहेर पुकारणार कोण, म्हणून मुलीचा बाप धोतर सावरत शोधायला निघाला, तर हे एका आटलेल्या विहिरीत उतरून तळाचे दगड हाताने चाचपत बसलेले. "इथं पाणी होतं. ते गेलं कुठं, हे सांगणारा माणूस पाहिजे," एवढंच म्हणाले आणि वर आले.

तो माणूस मिळायची वेळ स्वातंत्र्यानंतर लगेच आली. पुण्याला नवं विद्यापीठ निघत होतं. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारा एक प्राध्यापक तिथे कायमचा नेमायचा, निम्मी रक्कम लोकांनी उभी करायची, निम्मी सरकार घालील, असं ठरलं. मुदत अक्षय तृतीयेपर्यंत. नाही जमलं तर सरकारचा वाटा दुसऱ्याच विषयाला जाणार. काकांची झोप उडाली. मुद्दल तसंच राहील आणि व्याजातून प्राध्यापकाचा पगार निघेल, हे ते गावोगाव समजावत फिरले. एक पाटील म्हणाले, "म्हंजे हिरीला हात लावायचा न्हाई, झऱ्यावर भागवायचं. समजलं. पन पुन्याच्या मास्तराला आमी का पोसायचं?" नगरच्या एका व्यापाऱ्याने चहावर बोळवण केली, दुसऱ्याने चहाही वाचवला.

चैत्र लागला तरी निम्म्याचं निम्मंही जमेना. एक दिवस जेवता जेवता काकांनी हातातला घास ताटात ठेवला आणि एकटेच हसायला लागले. जन्मभर त्यांनी घरोघरी आहेर केले होते. आमच्याकडे घेतलेला आहेर फेडल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. पण मावशीला मूलबाळ नाही, म्हणजे घरात बारसं नाही, मुंज नाही, लग्न नाही. फेडायची संधीच कुणाला मिळाली नव्हती. त्यांनी लगोलग पत्रिका छापली. आमचे घरी अक्षय तृतीयेस कार्य योजिले आहे, आहेर नव्या प्राध्यापकासाठी आहे, अगत्य येणे करावे.

मावशीने बोलणंच टाकलं. शेवटी एकदा म्हणाली, "या घरात कसलं कार्य? लोक हसतील."

"हसू देत. हसता हसता आहेर करतील," काका म्हणाले. पण तिच्याकडे न बघता म्हणाले, हे मला दिसलं.

आणि लोक आले. बैलगाड्यांनी गल्ली भरून गेली. पाटलांनी ज्वारीची पोती उतरवली, मिशनच्या शाळेतल्या बाईंनी घड्याळ आणलं, मामांनी तांब्या आणला, बिनपोच्याचा. एका म्हाताऱ्या आजीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती लुगडं-खण घेऊन घरभर हिंडत होती. "नवरी कुठं हाय?"

"नवरी न्हाई आजी, मास्तर आणायचाय. पाणी शोधणारा," काका म्हणाले.

"मग ह्ये लुगडं त्याच्या बायकूला द्या. पानी तीच भरंल."

यजमानाने स्वतः आहेर पुकारणं रीतीला सोडून होतं, पण तसा आवाज दुसऱ्या कुणाचा आणायचा? दुपारभर काका पुकारत राहिले. अखेर पाट उचलायची वेळ आली, तेव्हा मावशी माजघरातून आली आणि तिने पाटावर तान्ह्या बाळाचे चांदीचे वाळे ठेवले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी घडवून घेतलेले होते. काकांनी ते उचलले, छाती भरली, तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. "पुकारा की," मावशी म्हणाली. मग स्वतःच, जन्मात कधी आवाज न चढवलेली ती बाई, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली, "घरचा आहेर. चांदीचे वाळे."

विद्यापीठ काही ज्वारी आणि तांबे घेत नव्हतं, म्हणून आजीचं लुगडं तेवढं बाजूला ठेवून तिथेच लिलाव झाला. रक्कम पुरी झाली. वाळ्यांना मात्र बोली लावायला कुणाचा हात धजला नाही, ते मागे राहिले.

सरकारनेही शब्द पाळला आणि प्राध्यापक नेमला गेला, चष्मेवाला, किडकिडीत तरुण. पहिल्याच भेटीत काकांनी त्याला बजावलं, "आहेर घेतलाय, फेडावा लागेल." बिचारा दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या लग्नांना यायचा, अक्षता टाकायचा आणि त्या गावच्या विहिरी तपासायचा. बायको लुगडं तेच नेसायची, आजीने दिलेलं.

पुढे त्याला मुलगी झाली. बारशाला काकांनी खिशातून वाळे काढले आणि छाती भरून पुकारलं, "घरचा आहेर. चांदीचे वाळे." गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली. "हळू हो जरा," म्हणत मावशीने तिला उचलून छातीशी धरलं, ती पंगती बसेपर्यंत खाली ठेवलीच नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. लग्नात हल्ली कर्णे लावतात, लांबलांबपर्यंत सगळं ऐकू जातं. मावशी मात्र पुढच्या खुर्चीत बसूनही कानामागे हात धरते आणि म्हणते, काही ऐकू येत नाही बाई, नीट पुकारतच नाहीत.