सुमीचं नाव नसलेलं टेबल

अगं सुमे, हे पत्र जरा जवळ घे बघू. आणि चष्मा लाव आधी — नेहमीसारखं वरवर वाचशील आणि म्हणशील, अक्काची बडबड. ही बडबड मी आजवर कुणाजवळच केलेली नाही. ह्यांच्याजवळसुद्धा नाही.

आठवतं, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी चामराजपेटच्या आपल्या मंडळासाठी वधूवरांची वेबसाइट केली होती? जुनी पुस्तकं वाचून शिकलेली मी — पण सगळे काय कौतुकानं 'कॉम्प्युटर अक्का' म्हणायचे! सगळ्यांनी फॉर्म भरून दिले. तू तेवढं फोनवर सांगितलंस. चाळिशीला टेकलेली तू — कागद दादाच्या हाती पडला तर घरात हसतील, म्हणालीस. मी ऐकत ऐकत थेट टेबलात भरलं. टेबल म्हणजे रकान्यांचा तक्ताच, फक्त कॉम्प्युटरमधला.

मग मला त्यात 'मूळ गाव' असा रकाना हवासा वाटला. आपल्यातल्या निम्म्यांना ते माहीतच नाही, दहा पिढ्या इथं कानडी मुलखातच — तरी हौस! तयार टेबलात नवा रकाना घालता येतो, हे मला कुठं ठाऊक? मी आख्खं टेबल मोडलं आणि नवं बांधलं. आतली नावं गेली, पण फॉर्म होते ना — दोन दिवस बसून सगळी परत भरली. सगळी?

तुझा कागदच नव्हता.

इथवर चूक, सुमे. चूक कुणाचीही होते. पण त्या शनिवारी तू आलीस, कपबशी हातात धरून हळूच विचारलंस, "अक्का, कुणी विचारलं का गं?" — आणि तेव्हा मला आठवलं. मी काय म्हणाले? "स्वल्प थांब गं, येईल."

तुझं शिक्षण, नोकरी, उंची — सगळं मला पाठ होतं. पाच मिनिटांचं काम. का नाही केलं? लाज वाटली म्हणून? पहिल्या आठवड्यात, हो. नंतर — कसं सांगू — तुझं जमलं तर शनिवारी माझ्याकडे कोण येणार, असं वाटायला लागलं. तू विचारायचीस, मी 'थांब' म्हणायचे. दोन वर्षं. शेवटी तूच हसून म्हणालीस, "राहू दे अक्का, काढून टाक माझं नाव." मी म्हणाले, "सरी, बरं." काढायला नाव होतं कुठं?

कुणी विचारलं असतं की नाही, देव जाणे. विचारायला जागाच मी ठेवली नाही.

आता तू शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला, भाचीकडे. शिव्या द्यायच्या तर समोर बसून दे. ये गं सुमे, लवकर.