वारस म्हणून मुकादम

राणीसावरगावच्या राजेश्रीला राग सहसा येत नाही, आणि आलाच तर ती तोंडातल्या तोंडात गिळते. गंगाखेडच्या त्या एजंटाच्या दुकानात मात्र तिला तो गिळता आला नाही, आणि ते बरंच झालं.

नवरा रामहरी मस्कतला निघालेला, बांधकामावर मिस्तऱ्याच्या हाताखाली. परदेशी कामाला जायचं तर आधी विमा काढा, म्हणून दोघं नागेश एजंटासमोर बसली होती. नागेशनं कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, "तिकडं काही बरंवाईट झालं तर पैसे कुणाला द्यायचे? वारस कोण लावू?"

"माणिकरावचं नाव टाका," रामहरी म्हणाला. "आमचे मुकादम."

अगदी सहज म्हणाला. लग्न झाल्यापासून दोघं दर हंगामाला माणिकरावच्या टोळीतून ऊसतोडीला जायची. तिथं कुणाचा पाय कापो, कुणाला ताप येवो, कारखान्याशी बोलणार मुकादम, घरी सांगावा धाडणार मुकादम. रामहरीच्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलेलं, की समुद्रापलीकडचंही माणिकरावच निस्तरील असं त्याला वाटलं. लबाडी नव्हती त्यात. पण अक्कलही नव्हती.

राजेश्रीच्या मस्तकात तिडीक गेली. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी विचारत नाही. ती होती म्हणून रामहरी पुरा होता. पोटात लेकरू असताना तिनं मोळ्या वाहून ट्रॉली भरली. आणि आता पैसे घ्यायला माणिकराव? तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा तोडीवर ट्रॅक्टरखाली गेला, तेव्हा कारखान्यानं जे दिलं ते मुकादमाच्या हातात दिलं. बहिणीच्या हातात आलं एक लुगडं. ते तिनं अजून नेसलेलं नाही.

"आवो," राजेश्री म्हणाली, "तुमाला काय झालं तर बांगड्या कुणाच्या फुटायच्या?"

रामहरी टेबलावरच्या कागदांकडं बघायला लागला.

"माझ्या ना? मग नाव त्याचं कसं काय लावायलाव? तसं असंल तर रडायला बी त्यालाच बसवा."

"तसं न्हाई गं. त्यो मोठा माणूस हाय. कचेऱ्या म्हाईत हायत त्याला."

"मला बी व्हतील म्हाईत."

इथं नागेशला मध्ये तोंड घालायची काही गरज नव्हती. तरी घातलंच. "वहिनी, बँकेत हेलपाटे घालावे लागतात. गडी माणूस असला की सोपं पडतं."

"डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं जमलं मला," ती म्हणाली. "बँकेच्या पायऱ्या बी जमतील."

रामहरीनं खाली मान घातली. तसाच पुटपुटला, "हिचंच नाव टाका."

"पूर्ण नाव?" नागेशनं त्यालाच विचारलं.

"मला इचारा," राजेश्री म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. दवाखान्यात कुणी विचारलं तरी ती शेजारणीकडं बघायची, मग शेजारीण सांगायची. आज शेजारीण नव्हती, आणि असती तरी तिनं बघितलं नसतं.

"राजेश्री रामहरी जायभाये," ती खणखणीत म्हणाली. "नातं बायको."

रामहरीनं चमकून वर बघितलं. बायकोच्या तोंडून आपलं नाव असं कोरडं, उखाण्याबिगर, तो पहिल्यांदाच ऐकत होता.