कापलेल्या बाह्या

दुसरी बाही कापून मी कात्री खाली ठेवते तोच फादर दारात.

"मावशी, माझा झगा कुठे आहे?"

"हो काय, टेबलार. तुमीच कापूक सांगितलात."

त्यांनी टेबलाकडे बघितलं आणि ते स्टुलावर बसले.

झगा म्हणजे पाद्रींचा गळ्यापासून घोट्यापर्यंतचा पांढरा अंगरखा, लांब बाह्यांचा. मालवणच्या खाडीकाठी आमची ख्रिस्ती वाडी, तिथे झगे मीच शिवायची. शिकवलं कुणी नाही. एक जुना उसवला, तुकडे जमिनीवर मांडले, झालं माझं शिक्षण.

हे फादर वसईकडचे, वर्षभरापूर्वी आलेले. देवळाबाहेर, म्हणजे आमच्या चर्चबाहेर, झगा घालायला त्यांना नको वाटे. "झगा दिसला की होडीवरचे लोक गप्प होतात, मावशी. एसटीत म्हातारे उठून जागा देतात. मला माणसांत बसायचंय." मला ते पटायचं, आणि नाहीही पटायचं. या झग्याचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट करा म्हणून ते आदल्या दिवशी टाकून गेले होते.

आता मध्ये काय झालं ते सांगते. आमच्या शेजारची रोझामाय अंथरुणाला खिळलेली. ओरोसच्या दवाखान्यातून घरी पाठवली होती. तिला कुमसार करायचा होता, म्हणजे फादरना मनातलं पाप सांगून मोकळं व्हायचं होतं. दोन दिवस तिचा एकच धोशा. तिचा मुलगा पास्कू होडीवाला. त्याने फादरना बोलावलं, पण वर सांगितलं, "शर्टातच येवा. झगो घरात शिरलो की मायक वाटतला, झाला आपला." आमच्याकडे आहेच तसं. आजारी माणसाच्या घरात झगा शिरला की वाडी रडायच्या तयारीने अंगणात जमते.

फादर शर्टात गेले. रोझामायचे डोळे गेलेले. हे फादर आले तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती, आवाज ओळखणार कुठून? तिने हाताचं चुंबन घ्यायला हात चाचपला. उघडा, केसाळ हात लागला.

"हो कोण? कंपाउंडर?"

"मी फादर, रोझामाय."

"फादर असो उघडो येता?"

पास्कूने आईची शपथ घेतली.

"तू गप रव. इंजेक्शन नको म्हटलंय, म्हणान फसयतंस माका." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

म्हणून फादर धावत माझ्याकडे आले होते. दुसरा झगा खाडीपलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये, आणि ओहोटीला तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, बंद.

"जोड देता येईल?"

"येतलो. पण दिसतलो."

"तिला कुठे दिसतंय?"

मी मशीनवर बसले. मध्येच ते म्हणाले, "मावशी, देव काय बाहीत असतो?"

मी पाय थांबवला नाही. "देवाचा माका म्हायत नाय. रोझामाय बाहीतच सोदता."

कोपराजवळ जाड वळी आली. ते झगा अंगात घालतच पळाले, मागून मी.

आम्ही पोचेपर्यंत रोझामायची वाचा बसली होती. फादरनी बाही तिच्या हातात दिली. बोटं कापडावरून हळूहळू वर सरकली, जोडापर्यंत गेली आणि थांबली. फादर कान तिच्या तोंडाशी नेऊन कितीतरी वेळ बसले. नुसता श्वास. मग त्यांनी मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल तिच्या कपाळाला लावलं. दिवेलागणीला ती गेली.

पास्कू अंगणात डोकं धरून बसला होता. "तेल लावलात, फादर. पण तिचा सांगूचा रवला." झगा नको म्हणणारा तोच, त्यामुळे भांडणार कुणाशी?

पुढे फादर तो जोडाचा झगा रोज घालू लागले, बाजारातसुद्धा. होडीवरचे लोक त्यांना बघून गप्प व्हायचे. त्यांनी परत कधी शर्ट शिवायला टाकला नाही.

आता कुणी झगा आखूड करायला आणला तर मी आत दुमडून टाके घालते, कापत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, जाड लागतं. लागू दे म्हणते. रोझामायला काय सांगायचं होतं, ते असं न कापल्याने कळणार नाही, हे मलाही समजतं.