कॅफेतल्या कारकुनाचा नेम

लेकाचे ईमेल वाचायला मी जालन्यात रोज दुपारी नेट कॅफेत जायचे. शेजारच्या कॉम्प्युटरवर कचेरीतला एक कारकून राक्षस-जादूगारांचा खेळ खेळायचा आणि काय काय घडलं ते वहीत लिहायचा. नाव मी कधी विचारलं नाही. राक्षस दिसला की त्याचा धनुर्धारी पळत सुटायचा. "पळता काय, भाऊ?" विचारलं की म्हणायचा, "नेम आहे माझा, काकू."

पन्नाशीची मी, स्वतःला भलती हुशार समजायचे. म्हटलं, "कच्चा दिसतो नेम! एक राक्षस मरेना." तो नुसता हसायचा.

एकदा तो पाणी प्यायला उठला आणि राक्षस त्याच्या माणसावर धावून आला. मी पटकन माऊस दाबला. बाण सुटला, राक्षस आडवा.

"वाचवलं तुम्हाला!" मी ओरडले.

परत येऊन त्यानं पडदा बघितला. "काकू, चातुर्मासात धरतात न्हाई का, तसला नेम होता. कुणाला न मारता शेवटाला जायचं, मधला जुना डाव परत उघडायचा न्हाई. आठ महिने खेळून राह्यलो."

चातुर्मासात कांदा सोडून शेजारणीकडं कांदाभजी हाणणारी मी काय बोलणार? पुटपुटले, "लिहा, काकूनं मारला."

"खेळ तर माझाच ना?" म्हणत त्यानं लिहिलं, "आज एक मेला. नेम मोडला." मग पहिल्यापासून खेळ मांडला आणि कोऱ्या पानावर नवा नियम घातला : "पाणी प्यायला उठताना खेळ थांबवणे."

माझा उल्लेख कुठंच नव्हता.