उलटी गुंडाळलेली टेप

हार्डवेअरच्या दुकानात नळाची पांढरी टेप दिसली की बाबा आठवतात. त्यांनी कोल्हापुरात आयुष्यभर नळजोडणीचं काम केलं. माझ्या फिशटँकचे पाइपही त्यांनीच जोडले. पाणी भरताच सांधा गळू लागला. बादलीतले मासे श्वासासाठी वर येत होते. बाबांनी तीनदा टेप बदलली, तरी गळती थांबेना.

“उलटी गुंडाळताय की ओ! आटे आवळले की सुटणारच ती,” आई म्हणाली.

“आता तू शिकवणार व्हय मला?” म्हणत बाबांनी टेप सुलटी गुंडाळली. गळती थांबली, मासे टाकीत गेले. आम्ही खूप हसलो.

बाबांना असा विसर पडणं हा आजार आहे, हे डॉक्टरांनी दोन वर्षांनी सांगितलं. आईला मात्र ते टेपच्या दिवशीच कळलं असावं. हसता हसता ती त्यांचा ओला हात पदरानं पुसत होती, तो कोरडा झाल्यावरही.